वाळवंटातली रुई, रबराची भूक आणि काही फुलपाखरे

१९३५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने एक तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. क्रमांक ४७२. लेखक बेकेट आणि स्टिट. विषय असा की, नैऋत्य अमेरिकेच्या वाळवंटात आपसूक उगवणाऱ्या ‘डेझर्ट मिल्कवीड’ या रानझुडपापासून रबर मिळवता येईल का?

तेच झुडूप आज टूसॉन आणि फिनिक्सच्या रोपवाटिकांत ‘फुलपाखरांसाठी’ म्हणून विकले जाते. ते विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, त्यांच्या अंगणातल्या या काटक काड्यांकडे एकेकाळी एका महासत्तेने मोठ्या आशेने पाहिले होते. आजचा थ्रेड या झुडपावर. वनस्पतींचा इतिहास म्हटला की आपण चहा, नीळ, अफू, ऊस यांच्यापाशी थांबतो. ज्या वनस्पतींचे ‘काही झाले नाही’, त्यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. पण फसलेल्या प्रयोगांतूनही साम्राज्यांची भीती स्पष्ट वाचता येते, कधी कधी यशस्वी प्रयोगांपेक्षाही स्पष्ट.

आधी ओळख. आपल्याकडची रुई डोळ्यांसमोर आणा. पान तोडले की पांढरा चीक टपकतो, फळ उकलले की रेशमी केसांच्या ‘म्हाताऱ्या’ वाऱ्यावर उडतात, आणि शेजारी बहुधा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट निवांत खात बसलेला असतो. मिल्कवीड ही याच घराण्यातली अमेरिकी शाखा. पूर्वी या झाडांचे स्वतंत्र कुळ मानत. आता त्यांना कण्हेर आणि सदाफुली यांच्या मोठ्या कुळात सामावून घेतले आहे.

‘डेझर्ट मिल्कवीड’ हे नाव दोन जातींना लावले जाते. पहिली आस्क्लेपियास सुब्युलाटा. हिला पाने असून नसल्यासारखीच. पावसानंतर सुतासारखी बारीक पाने येतात आणि लवकरच गळून पडतात. अन्न तयार करण्याचे काम राखाडी-हिरव्या काड्याच करतात. लांबून पाहिले तर कोणी खराटा उलटा रोवून ठेवला आहे असे वाटावे. टोकांवर फिकट पिवळसर फुलांचे झुबके. सोनोरा वाळवंटात, कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत, ॲरिझोना, आग्नेय कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया या भागांत ती वाढते. सोनोरात तिला ‘हुमेते’ म्हणतात. दुसरी जात आस्क्लेपियास इरोसा. हिला रुंद, जाडसर पाने असतात. या थ्रेडची नायिका मुख्यतः पहिली, पण दुसरीही अधूनमधून येईल.

‘आस्क्लेपियास’ हे नाव लिनियसने १७५३ मध्ये रूढ केले, ग्रीकांचा वैद्यकदेव आस्क्लेपियस याच्यावरून. येथे आपल्याला महाभारताच्या आदिपर्वातला उपमन्यू आठवायला हरकत नाही. गुरूने अन्नाचे सगळे मार्ग बंद केले तेव्हा त्याने भुकेपोटी अर्काची, म्हणजे रुईची पाने खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. त्याला दृष्टी परत दिली ती अश्विनीकुमारांनी, देवांच्या वैद्यांनी. दोन संस्कृतींमध्ये कसलाही संपर्क सिद्ध न करता एवढे म्हणता येईल की, या घराण्याच्या चिकात औषध आणि विष शेजारी शेजारी राहतात हे दोन्हीकडच्या लोकांना कळले होते.

एक आडवळण, कारण ते टाळणे मला शक्य नाही. पेशीला केंद्रक असते हे आपण शाळेत शिकतो. ‘न्यूक्लियस’ हा शब्द त्या अर्थाने रूढ केला स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याने, १८३१ साली वाचलेल्या निबंधात. तो निबंध ऑर्किड आणि मिल्कवीड या दोन गटांच्या फुलांत फलन कसे घडते यावर होता. या फुलांत पराग सुटे नसतात. त्यांच्या लहानशा थैल्या असतात आणि कीटकाचा पाय फटीत अडकला की त्या पायाला चिकटून बाहेर येतात. ही विचित्र यंत्रणा पाहता पाहता ब्राउनच्या नजरेस पेशीतला तो ठिपका वारंवार पडला आणि त्याने त्याला नाव दिले. बरे, पुढे.

या झुडपाचा ‘शोध’ कधी लागला? वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात उत्तर नेमके आहे. सुब्युलाटाचे वर्णन १८४४ मध्ये पॅरिसच्या जोसेफ डेकेनने केले. इरोसाचे वर्णन १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन टॉरीने. पण ही दोन साले ज्या घटनांनी वेढलेली आहेत त्या पाहा.

१८४६ ते १८४८ अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध झाले. ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने आपला प्रचंड उत्तर भाग गमावला. १८५३ च्या डिसेंबरात गॅड्सडेन करार झाला आणि आजच्या ॲरिझोनाचा दक्षिण पट्टाही एक कोटी डॉलरला अमेरिकेकडे गेला. नवी सीमा जमिनीवर आखण्यासाठी विल्यम एमरी या लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली पाहणी झाली. मोजणीदारांबरोबर संग्राहक होते. ते दगड, सरडे, पक्षी, झाडे गोळा करीत चालले होते. त्या पाहणीच्या अहवालातला वनस्पतींचा भाग टॉरीने लिहिला. तो स्वतः त्या वाळवंटात पाहणीसाठी गेला नव्हता. वाळलेले नमुने न्यूयॉर्कला पोहोचत, तो त्यांचे वर्णन करी. इरोसा म्हणजे ‘कुरतडलेली’. टेबलावरच्या सुकलेल्या पानाच्या कडा पाहून ठेवलेले नाव.

म्हणजे ज्या कागदावर सीमारेषा उमटली, त्याच अहवालात हे झुडूप विज्ञानात दाखल झाले. ती रेषा ओ’ओधाम लोकांच्या प्रदेशातून गेली आणि आजही त्यांचे काही लोक रेषेच्या अलीकडे, काही पलीकडे आहेत. त्या लोकांना हे झुडूप टॉरीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. ते विषारी आहे हे माहीत असूनही पीमा (अकिमेल ओ’ओधाम) लोक ओकारी आणण्यासाठी त्याचा औषध म्हणून उपयोग करीत, अशी नोंद विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी केली आहे. ही ओकारीची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातले कहुइया लोक इरोसाचा चीक गोळा करून घट्ट होऊ देत आणि चघळत. कहुइया विदुषी कॅथरीन सॉबेल आणि मानववंशशास्त्रज्ञ लोवेल बीन यांनी १९७२ मध्ये ‘तेमालपाख’ हा ग्रंथ सिद्ध केला. कहुइयांच्या वनस्पतिज्ञानाचा तो मोठा ठेवा मानला जातो. सॉबेल स्वतः कहुइया होत्या आणि ग्रंथावर त्यांचे नाव सहलेखिका म्हणून आहे, ‘माहिती देणारी स्थानिक स्त्री’ म्हणून नाही. त्या काळी हे अजिबात सामान्य नव्हते.

चिकाचा गोळा दातांखाली ताणला जातो, तुटत नाही, हे ज्यांना चघळून माहीत होते, त्यांना चिकातल्या लवचीक द्रव्याची ओळख होतीच असे मी म्हणेन. त्यांनी त्याला ‘रबर’ म्हटले नाही, कारण त्यांना टायर बनवायचे नव्हते.

टायर कोणाला बनवायचे होते ते आता पाहू.

१८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यातली मोजकीच रुजली, पण तेवढी पुरली. रोपे सिलोनला गेली, सिंगापूरला गेली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मलायाच्या मळ्यांनी ब्राझीलच्या जंगली रबराला बाजारातून जवळजवळ हुसकावून लावले. त्या मळ्यांत राबणारे बहुसंख्य मजूर तमिळ प्रदेशातून नेलेले होते. तो विषय स्वतंत्र थ्रेडचा आहे. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की, मोटारी सर्वाधिक अमेरिकेत आणि रबर बहुतांश ब्रिटिश व डच वसाहतींत, अशी अडचणीची वाटणी झाली.

पहिल्या महायुद्धानंतर रबराचे भाव कोसळले. ब्रिटनने १९२२ मध्ये ‘स्टीव्हन्सन योजना’ आणून मलाया आणि सिलोनमधल्या निर्यातीवर बंधने घातली. भाव चढले, १९२५ मध्ये ते पौंडामागे एक डॉलरच्याही वर गेले. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी या योजनेविरुद्ध मोहीमच उघडली. उद्योगपतींनी आपापल्या वाटा शोधल्या. हार्वी फायरस्टोनने १९२६ मध्ये लायबेरियात दहा लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळवली. हेन्री फोर्डने ब्राझीलच्या जंगलात ‘फोर्डलांडिया’ वसवायला घेतले. आणि थॉमस एडिसन? त्याने आपल्या अंगणापासून सुरुवात केली.

१९२७ मध्ये एडिसनने फोर्ड आणि फायरस्टोन यांच्या पैशावर एक वनस्पती-संशोधन संस्था काढली. प्रश्न साधा होता: परदेशातून येणारे रबर एकाएकी तुटले, तर अमेरिकेच्या भूमीवर वर्षभरात उगवून कापता येईल असे कोणते झाड आहे? त्याच्या माणसांनी देशभरातून १७,००० च्या आसपास नमुने गोळा करून तपासले. शेवटी त्याने निवड केली ती गोल्डनरॉडची, म्हणजे पिवळ्या फुलांच्या एका तणाची. १९३१ मध्ये तो वारला, तेव्हाही काम अपुरेच होते.

एडिसनच्या नावाभोवती प्रकाशझोत असल्यामुळे त्याच्या आधीचे काम अंधारात राहते. १९२१ मध्येच हार्वी मन्रो हॉल आणि फ्रान्सेस लाँग यांनी ‘उत्तर अमेरिकी वनस्पतींतील रबराचे प्रमाण’ या विषयावर कार्नेगी संस्थेतर्फे ग्रंथ काढला होता. त्यात अनेक मिल्कवीडची तपासणी होती आणि वाळवंटी सुब्युलाटा ही आश्वासक जातींपैकी एक ठरली होती. कारणे व्यवहारी होती. झुडूप सरळ उभे वाढते, म्हणजे यंत्राने कापणे सोपे. पानांचा पसारा नाही. इतर कोणतेही पीक जिथे तग धरत नाही तिथे हे बहुवर्षायू झुडूप जगते. ही अपेक्षा पुढे नेत बेकेट आणि स्टिट यांची १९३५ ची पुस्तिका आली. १९३८ मध्ये तिची जोड-पुस्तिका आली, क्रमांक ६०४, ‘दुसऱ्या’ डेझर्ट मिल्कवीडवर, म्हणजे इरोसावर.

मग हा प्रयत्न का फसला? एक कारण रसायनाचे. रबराचे गुण त्याच्या रेणूंच्या साखळ्या किती लांब आहेत यावर ठरतात. ब्राझीलच्या झाडाच्या चिकातल्या साखळ्या अतिशय लांब असतात, मिल्कवीडच्या तोकड्या. शिवाय चिकात राळेचा भाग मोठा, तो वेगळा काढण्याचा खर्च वेगळा. आणि मलायातल्या झाडाला रोज एक चीर दिली की वाटीत चीक जमतो, तशी सोय या काडीत नाही; झुडूप कापायचे, वाळवायचे, दळायचे आणि द्रावणांनी रबर ओढून काढायचे. शांततेच्या काळात हे गणित बसत नव्हते. १९२८ मध्ये स्टीव्हन्सन योजनाच गुंडाळली गेली आणि मग जागतिक मंदीत भाव पुन्हा तळाला गेले. रबर स्वस्त झाले की पर्यायांचे संशोधन लष्करी नकाशांच्या खणात जाऊन पडते.

झाडाच्या बाजूनेही एकदा पाहायला हवे. मिल्कवीड चीक कशासाठी बनवते? टायरसाठी नक्कीच नाही. पान खाणाऱ्या किड्याच्या तोंडाला तो चिकटावा, जबडे जखडले जावेत, यासाठी. डेव्हिड ड्यूसूर आणि थॉमस आयझनर यांनी १९८७ मध्ये दाखवले की, चीक असलेली पाने खाणारे कित्येक कीटक यावर तोड काढतात: ते खाण्याआधी पानाची शीर चावून तोडतात. चीक तिथेच वाहून जातो आणि पलीकडचा भाग कोरडा होतो. मोनार्क फुलपाखराचे सुरवंट हेच करतात. ज्या द्रव्यासाठी माणसांनी प्रयोगशाळा उभारल्या, त्याची निर्मिती मुळात सुरवंटांसारख्या पानखाऊंना अडवण्यासाठी झाली होती, आणि या सुरवंटांनी तो अडथळा केव्हाच ओलांडला होता.

८ डिसेंबर १९४१. जपानी सैन्य मलायात उतरले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्चमध्ये डच ईस्ट इंडीजने शरणागती पत्करली. तीन महिन्यांत अमेरिकेचा सुमारे ९० टक्के नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. वीस वर्षे ज्याची नुसती चर्चा होती, ते संकट प्रत्यक्ष उभे राहिले.

अपेक्षा अशी की, आता डेझर्ट मिल्कवीडचा काळ आला. तसे झाले नाही. १९४२ च्या आपत्कालीन रबर प्रकल्पात निवड झाली ग्वायूले नावाच्या दुसऱ्या वाळवंटी झुडपाची, कारण त्याचे रबर दर्जाने कितीतरी सरस होते आणि व्यापाराचा जुना अनुभवही होता. त्यावरचे काही उत्तम संशोधन कॅलिफोर्नियातल्या मॅन्झनार छावणीत झाले. ज्यांना ‘जपानी वंशाचे’ म्हणून घरादारातून उचलून तारांच्या कुंपणाआड ठेवले होते, त्याच अमेरिकी नागरिकांतल्या शास्त्रज्ञांनी आणि माळ्यांनी ते केले.

हैतीत याहून वाईट घडले. तिथे मादागास्करच्या रबरवेलीची लागवड अमेरिकी पैशाने सुरू झाली. ही वेलही चिकाच्या याच घराण्यातली, आपल्याकडे रस्त्यांच्या कडेने जांभळट फुलांची दिसते ती. तिच्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, फळझाडे तोडली गेली, घरे उठवली गेली. १९४४ मध्ये प्रकल्प बंद झाला, तेव्हा हाती नगण्य रबर होते. डेझर्ट मिल्कवीडचे दुर्लक्ष झाले हे त्याच्या प्रदेशाचे भाग्यच म्हणायचे, असे हैतीची हकीकत वाचताना माझ्या मनात येते.

अखेरीस प्रश्न सोडवला तो खनिज तेलाने. १९४४ मध्ये अमेरिकेतले कृत्रिम रबराचे उत्पादन सात लाख टनांच्या वर गेले. वनस्पतींच्या पुस्तिका पुन्हा कपाटात.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो अनेक लोकप्रिय पोस्टमध्ये फिरतो. ‘मिल्कवीडने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे प्राण वाचवले’ हे खरे आहे, पण ते मिल्कवीड वाळवंटातले नव्हे. तरंगत्या जॅकेटांत तोवर कापोक भरत. हा पांढऱ्या सावरीचा कापूस, आणि तो मुख्यतः जावातून येई. जावा जपानच्या ताब्यात गेल्यावर बोरिस बर्कमन या शिकागोच्या डॉक्टराने ईशान्य व मध्य अमेरिकेतल्या साध्या मिल्कवीडच्या म्हाताऱ्यांचा आग्रह धरला. त्या केसांवर मेणाचा थर असतो आणि ते आतून पोकळ असतात, म्हणून पाण्यावर उत्तम तरंगतात. मिशिगन राज्यातील पेटोस्की येथे कारखाना उभा राहिला. १९४४ च्या शरद ऋतूत शाळकरी मुले पोती घेऊन बाहेर पडली. घोषणा होती: दोन पोती, एक जीव. कारण एका जॅकेटला दोन पोती बोंडे लागत. ही बोंडे आस्क्लेपियास सिरियाका या जातीची होती, जी ओलसर कुरणांत आणि शेतांच्या बांधांवर वाढते. युद्ध संपले, जावाचा कापोक परत आला, मग प्लास्टिकचे फेस आले. कारखाना बंद पडला. वाळवंटी बहिणीचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आता फुलपाखरांकडे. इजिप्तमध्ये थीब्जच्या नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यातली भित्तिचित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ इसवीसनपूर्व १३५० च्या सुमाराचा. दलदलीत शिकारीच्या दृश्यात पक्ष्यांमधून काही केशरी फुलपाखरे उडतात. पंखांच्या टोकांवरचे काळे आणि पांढरे ठिपके पाहून अभ्यासक त्यांना प्लेन टायगर म्हणून ओळखतात. हे तेच फुलपाखरू जे आपल्या रुईवर अंडी घालते. मोनार्क आणि क्वीन ही त्याचीच अमेरिकी भावंडे, सगळी ‘डॅनॉस’ प्रजातीतली. सोनोरा वाळवंटात हुमेतेच्या काड्यांवर सर्वाधिक दिसते ते क्वीन. गडद तपकिरी-केशरी, पांढऱ्या ठिपक्यांचे. मोनार्क तिथे मुख्यतः वसंतात आणि शरदात येते.

ही फुलपाखरे इतकी भडक का? आणि इतकी निर्धास्त, संथ का उडतात? ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे घालवलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये तर्क मांडला की, काही फुलपाखरे पक्ष्यांना बेचव लागतात आणि इतर काही त्यांचे रूप चोरतात. पण ‘बेचव’ म्हणजे नेमके काय, हे सिद्ध व्हायला शतक जावे लागले.

१९६० च्या दशकात लिंकन ब्राउअरने ब्लू जे या पक्ष्यांना मोनार्क खाऊ घातली. मिल्कवीडवर वाढलेले फुलपाखरू खाल्लेला पक्षी काही मिनिटांतच ओकू लागला, आणि त्यानंतर मोनार्क नुसते दिसले तरी तोंड फिरवू लागला. या प्रयोगाचे खरे सौंदर्य त्याच्या उलट्या बाजूत आहे. ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या कष्टाने मोनार्कचे सुरवंट कोबीवर वाढवले. त्यातून निघालेली फुलपाखरे पक्ष्यांनी सुखाने गिळली. विष फुलपाखराचे नव्हतेच. ते झाडाचे होते, उसने घेतलेले.

१९६८ मध्ये तादेउश राइखस्टाइन (१९५० चे नोबेल मानकरी), मिरियम रॉथशील्ड आणि सहकाऱ्यांनी मोनार्कच्या शरीरातली ही विषे ओळखली. हृदयावर परिणाम करणारी, डिजिटॅलिसच्या जातकुळीची. त्यातल्या एकाचे नाव कॅलोट्रोपिन. हे नाव कॅलोट्रोपिसवरून आले आहे, आणि कॅलोट्रोपिस म्हणजे आपली रुई. अमेरिकी फुलपाखराच्या पंखांतल्या विषाला मारुतीच्या माळेतल्या झाडाचे नाव आहे. अलीकडे सोनोरातल्या संशोधकांनी सुब्युलाटाच्या काड्यांतूनही कॅलोट्रोपिन वेगळे काढले आहे.

आता ती ओकारी आठवा. ओकारी आणण्याचा या झुडपाचा गुण पीमा लोकांना ठाऊक होता. तोच गुण, फुलपाखराच्या मार्गाने, ब्लू जेच्या पिंजऱ्यात पुन्हा सापडला. मी असे सुचवत नाही की ब्राउअरने कोणाचे ज्ञान चोरले. पण ‘शोध’ या शब्दाचे एकवचन मला दिवसेंदिवस अधिक खटकते.

हीच गोष्ट मोनार्कच्या स्थलांतराची. टोरोंटोचे फ्रेड आणि नोरा उर्क्हार्ट अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांना चिठ्ठ्या चिकटवीत होते: ही हिवाळ्यात जातात कुठे? २ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रुगर आणि कॅटालिना आग्वादो यांना मेक्सिकोतील मिचोआकानच्या सेरो पेलोन डोंगरावर झाडे झाकून टाकणारी लाखो मोनार्क सापडली. ऑगस्ट १९७६ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कॅटालिना आहे. पण प्रसिद्ध कथनात ती बराच काळ ‘सहायक’ राहिली. डोंगराखालच्या गावांना ही फुलपाखरे माहीत होतीच. ती नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात, आणि तिथली लोकसमजूत त्यांना परतून आलेले पूर्वज मानते.

रॉकी पर्वतांच्या पश्चिमेची मोनार्क मात्र बहुतेक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. ॲरिझोनात चिठ्ठी लावलेली फुलपाखरे दोन्ही ठिकाणी सापडली आहेत, काही कॅलिफोर्नियात, काही मेक्सिकोत. म्हणून या वाळवंटी पट्ट्याचे महत्त्व. इथले मिल्कवीड हे अशा प्रवासातले ठाणे आहे, जिथून दोन वाटा फुटतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची वार्षिक मोजणी १९९७ पासून नियमित होते. त्या वर्षी १२ लाखांहून अधिक मोनार्क मोजली गेली. २०२० मध्ये दोन हजारही भरली नाहीत. पुढच्याच वर्षी आकडा अडीच लाखांच्या जवळ गेला, त्यामुळे सरळ रेषेतला ऱ्हास सांगणे चूक ठरेल. पण जुन्या पातळीशी तुलना केली तर ते थोडेच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी वन्यजीव खात्याने मोनार्कला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली ‘धोक्यात असलेली’ म्हणून नोंदवण्याचा प्रस्ताव ठेवला. शेतातले तण मारणारी औषधे, कीटकनाशके, हिवाळी झाडांची तोड, हवामान अशी अनेक कारणे एकत्र येतात.

लोकांनी मग अंगणात मिल्कवीड लावायला सुरुवात केली, आणि त्यातून एक नवाच पेच उभा राहिला. रोपवाटिकांत सर्वांत सहज मिळणारे मिल्कवीड होते आस्क्लेपियास कुरासाविका, कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाच्या नावाचे. लाल-पिवळी फुले, भराभर वाढ. हे झाड तुम्ही पाहिलेले आहे. वसाहतींच्या काळात उष्ण अमेरिकेतून जगभर पसरलेल्या शोभेच्या झाडांपैकी ते एक. आपण त्याच्या रंगांवरून त्याला ‘हळदकुंकू’ म्हणतो आणि आपली प्लेन टायगर त्यावर आनंदाने अंडी घालतात. पण अमेरिकेच्या सौम्य हिवाळ्याच्या भागांत ते वर्षभर पाने धरून राहते. मोनार्क तिथेच रेंगाळतात, त्याच पानांवर पिढ्यामागून पिढ्या वाढतात आणि एका सूक्ष्म परजीवीचा प्रादुर्भाव वाढत जातो. म्हणून तिथले अभ्यासक आग्रह धरतात: लावायचेच असेल तर त्या भूमीचे मिल्कवीड लावा. सोनोरा वाळवंटात तो आग्रह येऊन ठेपतो खराट्यासारख्या दिसणाऱ्या हुमेतेवर. हळदकुंकवाच्या भडक झुबक्यांशेजारी ठेवले तर ते दरिद्रीच दिसते. पाणी मात्र जवळजवळ मागत नाही, आणि सोनोराच्या कडक उन्हातही टिकते.

आज पुस्तिका क्रमांक ४७२ चा उल्लेख फारतर रबराच्या पर्यायी स्रोतांवरच्या शोधनिबंधांत, एखाद्या तळटीपेत येतो.

पुढचा थ्रेड मॅन्झनारवर: तारांच्या कुंपणाआडची ग्वायूलेची प्रयोगशाळा, आणि ज्यांच्या नागरिकत्वावरच शंका घेतली गेली त्यांनी त्याच देशासाठी केलेले रबर. हैतीच्या रबरवेलीविषयी स्वतंत्र थ्रेड हवा असेल तर खाली सांगा. साहित्य पुष्कळ आहे.